चकतीवरील पुटी आणि सायटिका : शस्त्रक्रियेआधीचा विचार

कमरेतून निघून कुल्ल्यामागून आणि मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीपर्यंत, कधी थेट पावलापर्यंत उतरणारी कळ, तिच्या जोडीला मुंग्या, बधिरपणा किंवा पायातील शक्ती कमी झाल्याची जाणीव, या लक्षणसमूहाला वैद्यकात सायटिका म्हणतात. तो स्वतंत्र रोग नसून कमरेच्या मणक्यांतून बाहेर पडणाऱ्या एखाद्या मज्जामुळाला त्रास होत असल्याची खूण असते. हे दुखणे केवळ सांध्याचे नसून मज्जातंतूचेही असू शकते, हे नेपल्समधील वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांनी 1764 मध्ये स्पष्टपणे मांडले. मात्र त्यामागे मणक्यांमधील चकतीचा हात असू शकतो हे सर्वमान्य होण्यासाठी 1934 साल उजाडावे लागले, जेव्हा बॉस्टनमधील विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी फाटलेल्या चकतीचा तुकडा मज्जामुळावर दाब देतो हे शस्त्रक्रियेतील निरीक्षणांच्या आधारे दाखवून दिले. तेव्हापासून सायटिका आणि ‘सरकलेली गादी’ ही जोडी डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या मनात इतकी घट्ट बसली, की सायटिकेची इतर कारणे मागे पडली. अशा मागे पडलेल्या कारणांपैकी एक विरळ कारण म्हणजे चकतीला जोडून तयार होणारी द्रवाची पुटी, जिला वैद्यकीय भाषेत डिस्कल सिस्ट म्हणतात. ती क्वचितच आढळते. परंतु शस्त्रक्रियेविना तिचे काय करता येते हा प्रश्न विचारला, की मज्जामुळावरील दाब, दाह आणि शरीराची स्वतःची दुरुस्ती या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो, आणि म्हणून ती नेहमीच्या सायटिकेच्या रुग्णालाही काही शिकवून जाते.

मणक्यांमधील चकती म्हणजे दोन मणक्यांच्या मधली लवचीक गादी. तिच्या मध्यभागी पाण्याने भरलेला, जेलीसारखा मऊ गाभा असतो आणि त्याभोवती तंतूंच्या अनेक थरांचे चिवट वेष्टन असते. गाभ्यातील प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे वरून भार आला तरी चकती तो चारी दिशांना वाटून देते. प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, तिचे पोषण शेजारच्या मणक्यांच्या पृष्ठभागातून झिरपणाऱ्या द्रवावर चालते, आणि एकदा फाटलेले वेष्टन फार हळू व अपुरे भरून येते ते याच कारणाने. चकतीच्या मागेच मणक्यांचा कालवा असतो. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो आणि त्याखाली कालव्यातून मज्जामुळांचा जुडगा उतरत जातो. म्हणून कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मध्ये, जिथे शरीराचा भार आणि वाकण्याची हालचाल दोन्ही मोठ्या प्रमाणात पडतात, तिथे चकतीच्या मागच्या कडेला काहीही वाढले तरी त्याचा धक्का प्रथम याच मुळांना बसतो.

डिस्कल सिस्ट ही स्वतंत्र व्याधी म्हणून नीट ओळखली गेली ती जपानमध्ये. तेथील अस्थिरोगतज्ज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरीस अशा तुरळक रुग्णांची वर्णने केली होती. 2001 मध्ये काझुहिरो चिबा, योशिआकी तोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांची एकत्र मांडणी करून या व्याधीला आज रूढ असलेले नाव दिले. त्यांनी वर्णन केलेली पुटी मज्जावरणाच्या बाहेर, कालव्याच्या पुढच्या-बाजूच्या भागात असते, एका बारीक वाटेने चकतीच्या आतल्या भागाशी जोडलेली असते आणि तिच्यात कधी पाण्यासारखा स्वच्छ, तर कधी रक्तमिश्रित द्रव असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तिची भिंत केवळ तंतुमय ऊतीची दिसते. सांध्याच्या आतल्या अस्तरात असतात तशा पेशी तिच्यात नसतात. रुग्ण बहुधा तरुण पुरुष, वय साधारण तिशीच्या आसपास, बहुतेक वेळा एकच पातळी बाधित आणि तीही प्रामुख्याने चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली; आणि चटकन ध्यानात न येणारी बाब अशी, की ज्या चकतीला ही पुटी चिकटलेली असते तिची झीज पुष्कळदा किरकोळच असते. प्रसिद्ध झालेले बरेचसे रुग्ण जपान, कोरिया आणि चीन या देशांतील आहेत. हा प्रादेशिक किंवा वांशिक कल खरा आहे की जिथे शोध अधिक तिथे रुग्ण अधिक, असा साधा हिशेब आहे, याबद्दल मात्र शंकेला जागा आहे.

ही पुटी बनते कशी याबद्दल दोन मुख्य मते आहेत. एका मतानुसार चकतीला इजा होताना तिच्या मागच्या शिरांच्या जाळ्यातून थोडा रक्तस्राव होतो, साठलेल्या रक्ताची गाठ पूर्णपणे शोषली जात नाही, तिच्याभोवती तंतुमय भिंत तयार होते आणि आतले रक्त हळूहळू द्रवात बदलते. काही पुट्यांच्या भिंतीत सापडलेले लोहयुक्त रंगद्रव्य, जे जुन्या रक्तस्रावाची निशाणी असते, या मताला बळ देते. दुसऱ्या मतानुसार चकतीच्या वेष्टनाचा एखादा भाग मऊ पडून फाटतो, तेथून आतला द्रव बाहेर झिरपतो आणि शरीर त्याच्याभोवती खोटे आवरण उभे करते. ही दोन्ही मते एकमेकांना पूर्णपणे छेद देत नाहीत, आणि एखाद्या रुग्णात पहिले तर दुसऱ्यात दुसरे खरे असणेही शक्य आहे. उपचारांच्या दृष्टीने मात्र त्यातील एक धागा कळीचा आहे. पुटी आणि चकती यांच्यामधली वाट उघडी राहिली तर पुटीतील द्रव केवळ उपसून प्रश्न कायमचा सुटेलच असे नाही, आणि ती वाट आपोआप बंद झाली तर मागे राहिलेला द्रव शरीर शोषून घेऊ शकते.

निदानाचा आधार एमआरआय हाच असतो. या तपासणीतील टी-2 प्रकारच्या प्रतिमांत पाणी पांढरे चमकते, म्हणून पुटी त्यात उजळ, गोलसर आणि स्पष्ट कडांची दिसते, तर टी-1 प्रतिमांत ती काळपट दिसते. शिरेतून गॅडोलिनियम हे औषध दिल्यावर तिची केवळ कडा उजळते, आतला भाग उजळत नाही. चकतीचा बाहेर पडलेला तुकडा सहसा इतका चमकत नाही, पण तुकड्याभोवती दाह असेल तर त्याचीही कडा उजळते आणि तिथे अनुभवी रेडिओलॉजिस्टलाही विचार करावा लागतो. पुटीत जुने रक्त असेल तर टी-1 प्रतिमेतील काळपटपणाही हरवतो.

याच जागेत दिसणाऱ्या इतर पुट्यांशी गल्लत होऊ नये, कारण त्यांचे वागणे आणि उपचार वेगळे असतात. मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांतून, ज्यांना फॅसेट सांधे म्हणतात, उगवणारी सायनोव्हियल सिस्ट ही साधारणपणे साठीच्या पुढच्या माणसांत, सांध्याची झीज झालेल्या आणि कधी एक मणका दुसऱ्यावर किंचित पुढे घसरलेल्या कमरेत आढळते. ती कालव्याच्या मागच्या बाजूने आत येते, तर डिस्कल सिस्ट पुढच्या बाजूने. तिसरी आहे टारलोव्ह सिस्ट. इसाडोर टारलोव्ह यांनी 1938 मध्ये वर्णन केलेली ही पुटी मज्जामुळाच्याच आवरणात, बहुधा त्रिकास्थीच्या पातळीवर असते आणि तिच्यात मेंदू-मज्जाद्रव असतो. पुष्कळदा ती एमआरआयवर सहज दिसते आणि तिचा दुखण्याशी काही संबंध नसतो. ‘सिस्ट’ हा एकच शब्द अहवालात वाचून एकाचा उपाय दुसऱ्याला लावणे धोक्याचे असते, म्हणून अहवालात सिस्ट कोठे आहे, चकतीला चिकटलेली की सांध्याला की मज्जामुळाला, एवढे तरी रुग्णाने डॉक्टरांकडून समजून घेतलेच पाहिजे.

प्रतिमेत काहीतरी दिसणे आणि तेच दुखण्याचे कारण असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याची आठवण सायटिकेच्या बाबतीत वारंवार द्यावी लागते. 1994 मध्ये अमेरिकेत पाठदुखीचा कोणताही त्रास नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक जणांच्या किमान एका चकतीला फुगवटा होता आणि सुमारे एक चतुर्थांश जणांची चकती स्पष्टपणे बाहेर आलेली होती. मराठी घरांत ‘मणक्यात गॅप आला’ असे जे निदान सहज फिरते, त्यामागे पुष्कळदा अशीच, वयाबरोबर येणारी आणि दुखण्याशी संबंध नसलेली झीज असते. म्हणून डिस्कल सिस्ट दिसली तरी पहिला प्रश्न असा असतो, की ती ज्या मज्जामुळावर टेकली आहे त्याच मुळाच्या क्षेत्रात त्रास आहे का. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील पुटी बहुधा पाचव्या कंबर-मुळाला गाठते, तेव्हा पोटरीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलाच्या वरच्या पृष्ठभागावर संवेदना कमी होते आणि पायाचा अंगठा वर उचलण्याची शक्ती घटते. त्याखालच्या पातळीवरील पुटी पहिल्या त्रिक-मुळाला दाबत असेल तर घोट्याचा प्रतिक्षिप्त ठोका मंदावतो आणि चवड्यावर उभे राहणे जड जाते. उताणे झोपवून पाय सरळ उचलला असता साधारण 30 ते 70 अंशांच्या दरम्यान कळ पायात उतरली तर मज्जामूळ ताणले जात असल्याचा संशय बळावतो. या चाचणीला फ्रेंच वैद्य शार्ल लासेग यांचे नाव आहे. प्रतिमा आणि पाय एकच गोष्ट सांगत असतील, तेव्हाच पुटीला दोषी धरावे.

शस्त्रक्रियेविना उपचारांकडे वळताना एक अडचण आरंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. डिस्कल सिस्ट इतकी विरळ आहे, की शस्त्रक्रिया आणि बिगर-शस्त्रक्रिया उपचार यांची रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून तुलना करणे व्यवहारात अशक्यप्राय आहे. जे ज्ञान आहे ते एकेकट्या रुग्णांच्या आणि लहान मालिकांच्या नोंदींतून आलेले आहे, आणि अशा नोंदींत यशस्वी उपचार अधिक उत्साहाने प्रसिद्ध होतात. त्यामुळे चकतीच्या नेहमीच्या सायटिकेवर झालेल्या मोठ्या अभ्यासांतून जे उसने घेता येते ते, सिस्टची वेगळी रचना ध्यानात ठेवून, घ्यावे लागते. या उसनवारीत अतिविश्वास नको, पण ती टाळताही येत नाही.

सर्वांत मोलाची गोष्ट जी उसनी मिळते ती म्हणजे थांबण्याची मुभा. नेदरलँड्समध्ये 6 ते 12 आठवडे तीव्र सायटिका असलेल्या 283 रुग्णांना लवकर शस्त्रक्रिया किंवा लांबवलेला बिगर-शस्त्रक्रिया उपचार अशा दोन गटांत विभागून केलेला आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ अधिक वेगाने कमी झाली; वाट पाहणाऱ्या गटातील 39 टक्के रुग्णांनाही पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली; परंतु वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे 95 टक्के रुग्ण बरे झालेले होते. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी असा नव्हे. ती काळ वाचवते, आणि ज्याच्या रात्री कळीने जातात किंवा ज्याची रोजीरोटी पायावर उभी आहे त्याच्या दृष्टीने काही महिने ही लहान गोष्ट नसते. मात्र पायातील शक्ती टिकून असेल तर घाईचे कारण वैद्यकीय नसून रुग्णाच्या जीवनाचे असते, आणि ते त्यानेच ठरवायचे असते.

चकतीचा बाहेर पडलेला तुकडा शरीर कसा संपवते हे आता बऱ्यापैकी समजले आहे: तो तुकडा कालव्यातील रक्तवाहिन्यांच्या संपर्कात येतो, त्याच्याभोवती नवी केशवाहिन्यांची जाळी वाढते आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात, आणि म्हणूनच चकतीपासून पूर्णपणे सुटलेला मोठा तुकडा केवळ फुगलेल्या चकतीपेक्षा अधिक वेळा नाहीसा होतो. डिस्कल सिस्टमध्ये खाण्याजोगा तुकडा नसतो. तिथे द्रव शोषला जाणे, पुटी फुटून द्रव पसरणे किंवा चकतीशी असलेली वाट बुजणे, असे मार्ग संभवतात. पुटी आपोआप विरते याची साक्ष देणारे रुग्ण नोंदले गेले आहेत. 2007 मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत शस्त्रक्रिया न करता डिस्कल सिस्ट मावळल्याचे पुन्हा केलेल्या एमआरआयवर दिसले, आणि त्यानंतर इतर देशांतूनही तशी वर्णने आली. चकतीची शस्त्रक्रिया, विशेषतः एंडोस्कोपने केलेली, झाल्यानंतर काही आठवड्यांनी त्याच जागी दिसणाऱ्या पुट्यांच्या बाबतीतही काही रुग्णांत धीर धरणे पुरेसे ठरले आहे. या नोंदींवरून टक्केवारी काढता येत नाही, पण सौम्य त्रास आणि शाबूत शक्ती असलेल्या रुग्णाला काही आठवडे देखरेखीखाली थांबण्याचा सल्ला देण्याइतका आधार त्यांत निश्चित आहे.

थांबणे म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे. नेदरलँड्समध्येच 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायटिकेच्या 183 रुग्णांपैकी काहींना दोन आठवडे अंथरुणात विश्रांती आणि इतरांना नेहमीचे हिंडणे-फिरणे सांगितले गेले, तेव्हा विश्रांतीचा वेगळा फायदा आढळला नाही. आपल्याकडे उसण भरली की ‘हलू नको, पडून राहा’ असे प्रेमाने सांगण्याची पद्धत आहे. पहिले एक-दोन दिवस कळ सहन होत नसताना ते समजण्यासारखे आहे, पण त्यापुढे पडून राहिल्याने पाठीचे स्नायू अशक्त होतात आणि भीती मात्र बळावते. डिस्कल सिस्टच्या रुग्णाला समजून उमजून टाळण्याजोग्या गोष्टी मोजक्याच असतात: कमरेत वाकून जड ओझे उचलणे, वाकलेल्या अवस्थेत अंग पिळणे आणि तासन् तास एका जागी बसून राहणे, कारण या स्थितींत चकतीच्या आतला दाब वाढतो आणि पुटी चकतीशी जोडलेली असल्याने तो दाब तिच्यापर्यंत पोहोचू शकतो. चालणे बहुतेकांना मानवते आणि ते दिवसातून अनेकदा, थोडे थोडे करावे.

औषधांच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवणे शहाणपणाचे. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांसारखी दाहशामक वेदनाशामके थोडा उतार देतात, पण ती पोटाच्या अस्तराला, मूत्रपिंडांना आणि हृदयरोग असलेल्यांना बाधू शकतात. औषधाच्या दुकानातून सहज मिळतात म्हणून आठवडेच्या आठवडे घेत राहण्याची ही वस्तू नव्हे. सायटिकेवर सर्रास लिहिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिन या गोळीची ऑस्ट्रेलियात काळजीपूर्वक चाचणी झाली आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिने पायातील वेदना औषधविरहित गोळीपेक्षा अधिक कमी केली नाही, उलट चक्कर येण्यासारखे त्रास अधिक दिसले. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी 2020 मध्ये सायटिकेसाठी ही गोळी आणि तोंडाने घेण्याचे स्टेरॉइड न देण्याचा सल्ला दिला. तरीही ही गोळी भारतातील चिठ्ठ्यांवर कायम दिसते; ज्यांना तिने खरोखर आराम वाटतो त्यांनी ती अचानक बंद करू नये, पण आराम नसताना केवळ सवयीने ती चालू ठेवण्यात अर्थ नाही.

फिजिओथेरपीचा खरा उपयोग पुटी आत ढकलण्यात नसून माणसाला पुन्हा हालचालीत आणण्यात आहे. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी यांनी रूढ केलेल्या पद्धतीत कोणत्या हालचालीने पायातली कळ कमरेकडे सरकते हे पाहून व्यायामाची दिशा ठरवली जाते. कळ पायातून वर चढून कमरेत गोळा झाली तर ते चांगले लक्षण, आणि ती आणखी खाली उतरली तर तो व्यायाम थांबवण्याची सूचना मानतात. पुटीच्या रुग्णालाही हा नियम लागू पडतो. वजने लावून कमर ताणण्याचा, म्हणजे ट्रॅक्शनचा, सायटिकेवर ठोस फायदा अभ्यासांतून दिसलेला नाही. कमरपट्टा काही दिवस आधार देतो, पण महिनोन्‌महिने बांधून ठेवल्यास स्नायूंना आयते बसवतो. शेकाने स्नायूंची आखडण सुटते आणि त्यात धोका नसतो. परंतु मज्जामुळावर पुटी असल्याचे निदान झालेल्या माणसाने हाडवैदाकडे जाऊन कमर मोडून घेणे, पाठीवर कुणाला उभे करणे किंवा जोराने पिळवटून घेणे हे सर्वस्वी टाळले पाहिजे.

सायटिकेच्या वेदनेत दाबाइतकाच वाटा दाहाचाही असतो. चकतीतून झिरपणाऱ्या पदार्थांनी मज्जामुळाभोवती दाहकारक रसायने वाढतात, आणि म्हणूनच दाब तसाच असताना दाह ओसरला की कळ कमी होते. याच तर्कावर मज्जामुळाजवळ, क्ष-किरणांच्या किंवा सीटीच्या देखरेखीखाली, भुलीचे औषध आणि स्टेरॉइड यांचे इंजेक्शन दिले जाते. नेहमीच्या सायटिकेत या इंजेक्शनांनी काही आठवड्यांचा आराम मिळतो, पण दीर्घकालीन फरक पडत नाही आणि शस्त्रक्रियेची गरजही फारशी टळत नाही, असे 1997 मध्ये कॅनडात झालेल्या अभ्यासातून दिसले. डिस्कल सिस्टच्या काही रुग्णांत मात्र अशा इंजेक्शननंतर मिळालेल्या काही आठवड्यांच्या उसंतीत पुटी लहान झाल्याचे नोंदले गेले आहे. इंजेक्शनने पुटी विरली की तिच्या स्वाभाविक मावळतीला केवळ वेळ मिळाला हे सांगता येत नाही, पण रुग्णाला झोप मिळते आणि शस्त्रक्रियेचा निर्णय शांत डोक्याने घेता येतो, हेही काही थोडे नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2014 मध्ये मणक्यातील स्टेरॉइड इंजेक्शनांनंतर क्वचित होणाऱ्या गंभीर मज्जासंस्थीय दुष्परिणामांबद्दल इशारा दिलेला आहे. म्हणून ते कोणत्याही दवाखान्यात सहज टोचून घेण्याचे इंजेक्शन नव्हे. मधुमेही रुग्णांच्या रक्तातील साखर त्यानंतर काही दिवस चढलेली राहते.

डिस्कल सिस्टसाठी खास असा बिगर-शस्त्रक्रिया उपाय एकच, तो म्हणजे सुईने पुटीतील द्रव उपसणे. सीटीच्या प्रतिमा पाहत बारीक सुई पुटीत पोहोचवतात, द्रव काढतात आणि काही वेळा त्याच सुईतून स्टेरॉइड सोडतात. जपानमधून 2003 मध्ये अशा यशस्वी उपचाराची नोंद आली आणि नंतर इतरांनीही तो वापरला. शस्त्राची जखम नाही, पूर्ण भूल नाही आणि त्याच दिवशी घरी जाता येते, या त्याच्या जमेच्या बाजू. पण पुटीत घट्ट, जुने रक्त असेल तर सुईतून फारसे काही निघत नाही. मज्जावरणाला छिद्र पडणे आणि जंतुसंसर्ग हे धोके लहान असले तरी असतात. आणि चकतीशी असलेली वाट बंद न झाल्याने पुटी पुन्हा भरल्याचीही उदाहरणे आहेत. शेजारच्या सायनोव्हियल सिस्टच्या बाबतीत आकडे उपलब्ध आहेत आणि ते विचार करायला लावणारे आहेत: 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 101 रुग्णांच्या मालिकेत सांध्यातून दाबाने औषध भरून पुटी फोडण्यात सुमारे 81 टक्के वेळा यश आले, तरी निम्म्याहून अधिक रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पुटी फुटली म्हणजे प्रश्न मिटला असे नाही, हे त्यातून स्पष्ट होते. डिस्कल सिस्टचा हिशेब याहून बरा आहे की वाईट, हे सांगण्याइतके रुग्ण कोठेच जमलेले नाहीत. म्हणून सुईचा उपाय एकदा करून पाहण्याजोगा आहे, पुन्हा पुन्हा करत राहण्याजोगा नाही, असे म्हणणे वाजवी ठरेल.

सुईचा आणखी एक उपयोग निदानासाठी होत असे. चकतीत रंजकद्रव्य सोडून ते पुटीत उतरते का हे पाहिले की दोहोंमधली वाट सिद्ध होते; सुरुवातीच्या जपानी वर्णनांत या तपासणीला, डिस्कोग्राफीला, मोठे स्थान होते. परंतु 2009 मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, चकतीत सुई टोचलेल्या लोकांच्या त्या चकत्या सुमारे दहा वर्षांनी न टोचलेल्यांपेक्षा अधिक झिजलेल्या आढळतात, असे दाखवले. तिशीतील माणसाची जवळजवळ धडधाकट चकती केवळ निदानाची खातरजमा करण्यासाठी टोचणे आता समर्थनीय राहिलेले नाही. एमआरआय बहुतेक वेळा पुरेसा असतो.

शस्त्रक्रियेविना वाट पाहण्याला काही सीमा असतात आणि त्या ओलांडल्या गेल्या की धीर हा गुण राहत नाही. चालताना पायातील चप्पल निसटते आणि कळत नाही, पाऊल फरपटते, टाचेवर किंवा चवड्यावर उभे राहता येत नाही, ही शक्ती घटत असल्याची लक्षणे आहेत. त्यासाठी तातडीने तज्ज्ञांना दाखवावे, कारण दीर्घकाळ दबलेल्या मज्जामुळाची शक्ती दाब काढल्यानंतरही पूर्ण परतेलच असे नाही. याहून गंभीर अवस्था म्हणजे कालव्यातील मज्जामुळांचा जुडगाच चेपला जाणे, ज्याला कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात: लघवी अडणे किंवा कळत न होणे, शौचावरील ताबा जाणे, खोगिरावर बसताना जो भाग टेकतो तो जांघांचा व गुदद्वाराभोवतालचा भाग बधिर होणे, दोन्ही पायांत एकदम त्रास सुरू होणे. या लक्षणांत सुई, इंजेक्शन किंवा व्यायाम यांचा विचारही करू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लाजेपोटी लघवीची तक्रार दुसऱ्या दिवसावर ढकलणे आयुष्यभराचे अपंगत्व ओढवू शकते. याखेरीज, सहा ते बारा आठवडे नीट उपचार करूनही कळ जीवन असह्य करत असेल तर शस्त्रक्रिया हा पराभव मानण्याचे कारण नाही. सूक्ष्मदर्शक किंवा एंडोस्कोप वापरून पुटी काढून टाकण्याचे परिणाम नोंदींत चांगले आहेत. तिच्यासोबत चकतीचा काही भागही काढावा की नाही, यावर मात्र शल्यविशारदांचे एकमत नाही.

पुटी दिसूनही शस्त्रक्रिया न करण्याचे ठरले, तर ठराविक काळाने पायाची शक्ती, संवेदना आणि प्रतिक्षिप्त ठोके तपासून त्यांची नोंद ठेवली जावी आणि काही महिन्यांनी, किंवा त्रास वाढल्यास त्याआधीच, एमआरआय पुन्हा करावा. पहिल्या प्रतिमांची सीडी आणि अहवाल रुग्णाने जपून ठेवावेत, कारण तुलनेविना दुसरा एमआरआय अर्धाच उपयोगी असतो. कळ ओसरत असेल आणि पाय भक्कम असेल, तर प्रतिमेत पुटी अजून दिसते एवढ्याच कारणासाठी कोणी शस्त्रक्रिया सुचवल्यास, दुसऱ्या मणकातज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.